बावखलावरचं घर

सरोजिनीबाईंना भीती वाटायची, आणि भीती वाटते हे कुणाला कळेल याची त्याहून जास्त. उमेळे गावात पहिल्या मजल्यावर त्यांचं वन आरके होतं. एक खोली, एक ओटा आणि दोन कुंड्या ठेवल्या की भरणारी गॅलरी. नवऱ्याची सगळी नोकरी त्याचे हप्ते फेडण्यात गेली. पुढे तोही गेला. तरी डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे म्हणून बाई ताठ मानेने राहायच्या.

पण छप्पर उभं होतं कशावर? वाडीला पाणी पुरवणारं गावचं जुनं बावखल बिल्डरने भरणी टाकून बुजवलं आणि त्या तळ्यावर चार मजले चढवले. मेल्याने पैसे घेतले आणि तोंड काळं केलं. आता बिल्डिंगचा मागचा कोपरा खचायला लागला होता. बाईंच्या पलंगावरच्या बीमला करंगळी जाईल एवढा तडा गेला होता. त्यातून चादरीवर वाळू गळायची. रोज सकाळी बाई ती झटकायच्या. हे विकून कुठेतरी भक्कम खोली घ्यायची, एवढाच त्यांना ध्यास लागला होता.

घरं सगळ्यांनाच विकायची होती. मग काय, सोसायटीत एकमताने ठरलं. पाण्याच्या टँकरवर कधी झालं नव्हतं असं एकमत! कुणाकडे गिऱ्हाईक आलं की बीमला प्लॅस्टर आणि रंग, भिंतीच्या तड्यावर कॅलेंडर, आणि वरच्यांनी वॉशिंग मशीन लावायचं नाही. कारण मशीन फिरलं की खालच्याचा स्लॅब थरथरायचा.

"मावशी, बिनधास्त राहा, मी मशीनला हात लावणार नाही," वरची हंसा म्हणाली. शहाणी माणसं हो! आपल्या डोक्यावरचं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायला निघाली, आणि वर त्याला शेजारधर्म म्हणायची.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून सँड्रा घर बघायला आली. दवाखान्यात नोकरी करणारी, भाड्याच्या घराला कंटाळलेली पोर. नवरा बोटीवर, कडेवर तान्ही मुलगी.

"आंटी, मस्त आहे हो! हवा पण किती येते. इथे आमचा देवाचा अल्तार लावू," म्हणत तिने कॅलेंडरला हात घातला.

बाई लगबगीने मध्ये आल्या. "अगं, खिळा सैल आहे, पडेल! अल्तार समोरच्या भिंतीला लाव. उजेड चांगला असतो."

"ओके ओके," सँड्रा हसली. भोळी बिचारी. खोटं इतकं सहज तोंडातून आलं, याचीच बाईंना धडकी भरली.

"टोकन आजच देते. बेबीला जरा झोपवते हं, गॅलरी बघून येते." असं म्हणून तिने लेकीला पलंगावर ठेवलं. बरोब्बर बीमखाली.

बाईंनी वर पाहिलं. ताजा रंग होता. वर मशीनही बंद होतं, हंसाने शब्द पाळला होता. मग त्यांना पोरीच्या कपाळाशेजारी चिमूटभर वाळू दिसली. चादर तर त्यांनी मघाशीच झटकली होती.

देवा रे! बाईंनी झडप घालून पोर छातीशी धरली. पोरीने भोकाड पसरलं. सँड्रा धावत आली. "काय झालं आंटी? काय केलंत तिला?"

"हे घर घेऊ नको गं." बाई म्हणाल्या. "खाली नुसती भरणी आहे. बीमला तडा गेलाय. मी लपवला." हात जोडायला हवे होते, पण हातात पोर होती.

सँड्राने लेक ओढून घेतली आणि तडक जिना उतरली. पोरीच्या रडण्याने सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली.

वरच्या गॅलरीतून सगळं ऐकलेली हंसा तरातरा खाली आली. "मावशी, जीभ आवरता आली नाही? आता गावभर बोभाटा होणार. आमची घरं कोण घेणार, सांगा ना!"

बोलून बोलून हंसा दमली. मग तिने दार लोटलं, पलंगाशी आली आणि वर बघत राहिली.

"पण मावशी," ती हळूच म्हणाली, "खरंच पडेल का ओ? माझी दोन्ही पोरं याच्याच वर झोपतात."

छे गं, पावसाळी ओल आहे ती, हे उत्तर बाईंच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी ते गिळलं. "मला नाही माहीत. पोरांना घे आणि आजच निर्मळला तुझ्या भावाकडे जा."

"आणि तुम्ही?"

बाई चादर झटकायला लागल्या. त्यांना जायला कुठे घर नव्हतं. म्हणून तर हे विकायला काढलं होतं.