कोणीच न उचललेला फोन

"सर, पुन्हा कट!" आमची इंजिनिअर प्राजक्ता म्हणाली.

पुण्यातल्या वारज्यात, आमच्या ऑफिसात डेमो चालू होता; चाचणीचे फोन कालपासूनच सुरू होते. समोर कुलकर्णी मॅडम. प्रकल्पाला निधी द्यायचा की नाही, हे त्या ठरवणार होत्या.

यंत्रणा सोपी. डोंगरातल्या एका वस्तीखाली डांबरी रस्त्यावर फिरत्या दवाखान्याची गाडी येते. कधी येते, कधी नाही. म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या बाया तासभर उतरून यायच्या आणि गाडी नसली की तशाच वर चढायच्या. म्हणून आमचा कॉम्प्युटर रोज सकाळी वस्तीवर फोन करून रेकॉर्ड केलेला निरोप ऐकवणार. याला व्हॉइस कॉल म्हणतात. साधा फोन पुरतो, इंटरनेट लागत नाही. निरोप मी स्वतः रेकॉर्ड केला होता. असा आवाज लावला होता, की राजदरबारात ललकारी द्यावी!

वस्तीनं तो सुरू होण्याआधीच कापला.

"लोक नको म्हणताहेत," मॅडम म्हणाल्या. "तेही किती थोडक्यात!"

मी माझ्या मोबाइलवरून वस्तीवरच्या हौसाबाईंना लावला. कट. पुन्हा लावला. कट. चौथ्यांदा कापल्यावर त्यांचाच फोन आला. मी स्पीकर लावला.

"काय हो सायेब, कोन गेलं का काय? किती मिस कॉल!"

"मावशी, फोन कापता का?"

"मंग? उचलला तर तुमचं पैसं जात्यात. कापला म्हंजी समजलं. आमची सून खाली रस्त्याला उतरली की रिंग देती. आमी कापतो आन् भाकरी टाकतो."

"आणि आमच्या फोनवरून काय समजलं?"

"गाडी येनार! न्हाई यायची तर फोन कशाला कराल? काल बी उतरलो. गाडी न्हवती. म्हटलं, पुन्याची मानसं, इसरली आसतील."

आजचा निरोपही 'गाडी येणार नाही' हाच होता.

"मावशी, आज गाडी नाही!"

"आगं ए, फिरा मागं!" पलीकडे हौसाबाई गरजल्या. त्या आवाजापुढे माझी ललकारी म्हणजे कुजबुज. "न्हाई गाडी! वर या!" मग आम्हाला, "फाटकापातूरच गेल्यात. येत्यात परत."

प्राजक्ता एव्हाना खुर्चीवरून उठली होती. "सर, उचलायलाच नको! एकदा वाजला तर गाडी नाही. कापल्यावर लगेच पुन्हा वाजला तर गाडी आहे. आणि त्यांनी कापला, म्हणजे आपल्याला पोचपावती!"

"मावशी, जमेल?" मी विचारलं.

"त्यात काय जमायचं? कापायचाच हाय न्हवं?"

मॅडम इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "म्हणजे तुमचा मुख्य खर्चच गेला," त्या म्हणाल्या. "आता मंजुरी न देणं मलाच महागात पडेल."

आज ही पद्धत बऱ्याच वस्त्यांवर चालते. फोन कोणीही उचलत नाही. उचललाच, तर आम्ही तपासतो, काय बिघडलं म्हणून.

धडा एवढाच: लोकांना फोन वापरायला शिकवण्याआधी, ते तो कसा वापरतात हे विचारावं. फक्त विचारायला फोन करू नये. कापतील.