वकीलसाहेब आणि तापणारी मोटार

वकीलसाहेब गेले तेव्हा मी बर्फ आणायला गेलो होतो. सोलापूरचा दवाखाना, दुपारची वेळ. गोणपाटात गुंडाळलेली लादी खांद्यावर घेऊन जिना चढलो, तर खोलीच्या दारात त्यांचे धाकटे भाऊ उभे. त्यांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. मला कळलं, पण लादी कुठं ठेवावी ते कळेना. पाणी पाठीवरून पार घोट्यापर्यंत ओघळत होतं... शेवटी नर्सबाईच म्हणाल्या, "अहो, खाली ठेवा की ते."

परवा साहेबांचा चाळिसावा दिवस झाला. त्यांच्या वकिलीवर लिहिणारे धाराशिवात पुष्कळ आहेत. मी त्यांचा ड्रायव्हर. शाळा चौथीत सुटली, घर तिकडं तळकोकणात, इथं माझं म्हणावं असं कुणी नव्हतं. मला लिहिता येण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती मोटारीची.

मी कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. साहेबांची जुनी काळी मोटार पाणी गळायला लागली म्हणून गॅरेजात दिली. मिस्त्रीनं रेडिएटर साफ केला, रबरी पाइप नवे घातले. परत आली ती तापायलाच लागली. भूमच्या कोर्टात तारीख असली की निम्म्या वाटेत झाकणातून वाफ! उन्हाळ्याचे दिवस. त्या भागात माणसांना प्यायला पाणी नाही, आणि मी मोटारीसाठी कळशी मागत वस्तीवर जायचो. एकदा एक म्हातारी म्हणाली, "तुज्या मोटारीला बी आमच्याच हिरीचं पाणी लागतं व्हय रं? त्यापरीस बैलं बरी, उनातानात दम तरी काढत्यात." असं बोलली आणि भरलेली कळशी हातात दिली. घेताना मान वर होईना.

मी फॅनचा पट्टा बघितला, तेल बघितलं, झाकण बदललं, रेडिएटर पुन्हा धुतला. बॉनेट उघडावं तर सगळं जागच्या जागी. गॅरेजात नेली की तिथं निवांत गुरगुरत उभी राहायची, तापायचं नाव नाही. मिस्त्री वैतागला. साहेबांच्या देखत म्हणाला, "साहेब, खोट गाडीत न्हाय, ह्या कोकण्याच्या पायात हाय. लई रगडतोय. ड्रायव्हर बदला, गाडी आपसूक थंड हुती."

साहेबांनी मिस्त्रीचे पैसे दिले आणि गाडीत जाऊन बसले. मला वाटलं, झालं. मी त्यांच्या परसातल्या माझ्या खोलीत येऊन पत्र्याची पेटी आवरली. काढून टाकायच्या आधी आपण तयार असावं... गावी आईला काय सांगायचं, एवढाच घोर. तेवढ्यात साहेब परसदारी आले, पेटीकडं बघितलं.

"कुठं निघालास?"

"तुम्ही काढाल म्हणून..."

"अरे, इल्जाम लागला म्हणजे सजा झाली का? सुनावणी तरी होऊ दे. खोल ती पेटी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही येडशीच्या रस्त्याला लागलो. साहेब कोर्टात विचारायचे तसंच विचारत होते. "हळू चालवताना तापते?" नाही साहेब. "उभी असताना?" नाही. "मग कधी?" पळायला लागली की. "आणि तू बॉनेट कधी उघडतोस?"

"थांबवल्यावर."

साहेब हसले. "मग तुला काय दिसणार, बेटा? साक्षीदार कोर्टात आला की शरीफ होतो. त्याला बाजारात गाठावं लागतं."

एका लिंबाखाली गाडी उभी केली. बॉनेट उघडं, इंजिन चालू. मला म्हणाले, तू आत बस आणि ॲक्सिलेटर दाब. स्वतः शेरवानीच्या बाह्या सारून इंजिनावर वाकले. मी दाबला. इंजिन बोंबललं. "अजून दाब! अजून... अरे, चपटला! चपटला रे! सोड... फुगला! दाब, दाब!" पन्नाशीचा माणूस, पोरासारखा नाचत होता.

खालचा नवा पाइप आतून पोचट होता. इंजिन जोरात फिरलं की पंप पाणी ओढायचा, पाइपाच्या दोन्ही भिंती चिकटायच्या आणि पाण्याची वाटच बंद व्हायची. पाय काढला की पुन्हा गोल, जसं काही झालंच नाही. नवा म्हणून त्याच्यावर कुणाचा वहीम गेला नव्हता. आणि माझा पाय दाबलेला असेपर्यंत माझी नजर तिथं पोचणार कशी? ते एकट्याला दिसणारच नव्हतं. मिस्त्रीला साहेब एवढंच म्हणाले, "कोकण्याचा पाय ठीक आहे मिस्त्री. फक्त बघणारा कुणीतरी लागत होता." मिस्त्रीनं दुसरा पाइप घातला. मी मात्र वळून भिंतीकडं तोंड केलं. डोळे भरले होते.

यंदा साहेबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. झालं चांगलं, पण मग ताप यायला लागला. सकाळी डॉक्टर यायचे तेव्हा कपाळ गार. दुपार कलली की अंगाची भट्टी. साहेब मला म्हणाले, "दत्ताराम, गॅरेजातून आलो आणि तापायला लागलो बघ." मला हसू आलं नाही. मी धीर करून डॉक्टरांना सांगितलं, दुपारी ताप चढताना येऊन बघा. डॉक्टर भले होते. जेवण सोडून दुपारी उशाशी येऊन बसले, नाडी धरून ताप चढताना बघितला. औषध बदललं, सुई बदलली. आता तर सगळेच बघत होते... पण काढून दुसरं घालावं असं तिथं काही नव्हतं.

"बघतोयस ना?" साहेब डोळे मिटून विचारायचे.

"बघतोय, साहेब."

त्यापुढं मला काही येत नव्हतं. खोट एकदा दिसली की सुटका होते, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती.

आता गाडी विकायची आहे. काल भूमचे एक गुत्तेदार, रस्त्यांची कंत्राटं घेणारे, बघायला आले. चारी बाजूंनी फिरले, टायरला लाथ मारली आणि विचारलं, "तापते का?"

"नाही."

"ड्रायव्हर असंच म्हणणार की हो!"

पडद्याआडून बीबीसाहेबांचा आवाज आला. साहेब गेल्यापासून त्या परक्यापुढं एक शब्द बोलल्या नव्हत्या. "तो नाही म्हणतो म्हणजे नाही. ह्या घरात त्याला कुणी दोनदा विचारत नाही."

गुत्तेदार ओशाळले. चक्कर मारू म्हणून पुढं माझ्या शेजारी येऊन बसले. साहेब कधी मागं बसले नाहीत, त्यामुळं ती बाजू चांगलीच दबलेली. गुत्तेदार त्या खळग्यात जरा चुळबुळले. "ही सीट पार बसलीय हो. बदलावी लागंल."

मी "व्हय" म्हणालो आणि गाडी चालू केली.