सात आठवड्यांचा खोकला

माझी लेक चार वर्षांची असताना तिचा खोकला फ्रीमाँटच्या आमच्या टाउनहाउसमध्ये सात आठवडे मुक्काम ठोकून होता. सर्दी चार दिवसांत गेली, पण हा काही हलेना. ओला, खळखळणारा खोकला. सकाळी तर पोरगी हुक्का ओढून उठल्यासारखी वाटायची.

मुलांचे डॉक्टर तरुण आणि फार नम्र होते. "व्हायरल आहे. थांबू या," असं ते तीनदा म्हणाले. तिन्ही वेळा लेक तिथे एकदाही खोकली नाही, शहाण्यासारखी स्टिकर निवडत बसली. शेवटी मीच खोकून दाखवलं. डॉक्टर स्टेथोस्कोप घेऊन माझ्याकडे वळले. "तुम्हाला कधीपासून होतंय?"

सासूबाई तेव्हा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. "आमचे डॉक्टर तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक देतात," त्या रोज ऐकवायच्या. त्यांच्या बॅगेत एक पाकीट होतंच, मोठ्या माणसांच्या गोळ्यांचं. मी तोऱ्यात भाषण दिलं, की अँटिबायोटिकने व्हायरस मरत नाही, उठसूट घ्यायचं नसतं. मी सॉफ्टवेअरवाली, पण आव धन्वंतरीचा.

मग एकाच आठवड्यात तिसऱ्यांदा प्रीस्कूलचा फोन आला. घेऊन जा, इतर पालक कुरकुरताहेत. लेकीला घरी आणलं आणि सरळ सासूबाईंची बॅग उघडली. गोळी हातात घेऊन अर्धी द्यावी की पाव, याचा अंदाज बांधत उभी राहिले. अंदाज! मग माझीच मला लाज वाटली आणि गोळी परत ठेवली. क्लिनिकला फोन करून म्हटलं, दुसऱ्या कोणाची तरी अपॉइंटमेंट द्या.

या डॉक्टर वयस्कर बाई होत्या. "खोकला ओला की कोरडा? मध्ये एकदा तरी थांबला? खाताना ठसका लागला होता?" त्यांनी नीट विचारलं, छातीचा एक्स-रे काढला. तो स्वच्छ निघाला. म्हणाल्या, "इतके आठवडे ओला खोकला म्हणजे श्वासनलिकांमध्ये जंतूंनी बस्तान बसवलेलं असू शकतं. दोन आठवडे अँटिबायोटिक देऊन बघू. पण पूर्ण."

औषध पांढरं, चिकट होतं. "इट्स यकी!" म्हणत लेकीने पहिला डोस माझ्या ऑफिसच्या शर्टावर थुंकला. मग तिचं पोट बिघडलं. प्रीस्कूलचा पुन्हा फोन, या वेळी कारण वेगळं.

सहाव्या दिवशी खोकला थांबला. घर इतकं शांत झालं, की मी दोनदा तिच्या खोलीत डोकावून आले.

"बरी झाली ना? मग बंद कर आता," सासूबाई म्हणाल्या. "किती औषधं ओतायची लेकराच्या पोटात!"

"आई, सात आठवडे तुम्हीच मागे लागला होतात!"

"सुरू कर म्हणत होते. संपव कुठे म्हणाले?"

मी चौदा दिवस पूर्ण केले. त्या नाक मुरडत, पण रोज जॅमचा चमचा घेऊन बाजूला उभ्या राहिल्या.

तपासणीला तिघी गेलो. डॉक्टरांनी छाती ऐकली. "छान. काही आवाज नाही." गाडीत बसल्यावर मला एकदम रडू फुटलं.

"आता काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मग गाडी काढ. भूक लागलीय."

मी डोळे पुसले आणि गाडी काढली.