डोमाजीचं वर झालेलं बोट

भूत, भानामती, अंगात येणं... माझा कशावरच विश्वास नव्हता, आजही नाही. मी ऑडिओमेट्रिस्ट, यंत्रावर कान तपासणारी. मशीन दाखवेल तेच लिहायचं, एवढंच मला येतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मोहाडीला शाळेच्या वर्गात मोठ्या माणसांच्या श्रवण तपासणीचं शिबिर होतं. राइस मिलमध्ये वीस वर्षं काम करून बहिरा झालेला डोमाजी माझ्यासमोर बसला. हेडफोन लावला, आवाज आला की बोट वर करायचं हे खुणेनं समजावलं. टोन वाढवत शेवटापर्यंत नेला — बोट हललं नाही. दोन्ही कान ठार बहिरे.

मशीन बंद केलं... आणि त्याचं बोट वर झालं.

हेडफोन काढून तो उठला. "माही बायको बलावून राहिली मले," म्हणाला अन् दाराकडे निघाला.

शिबिराचे डॉक्टर हसले. "ढोंगी आहे. ऐकू येतं याला. श्रवणयंत्र फुकट पाहिजे."

मला राग आला. त्यांना न विचारताच शिबिराच्या ड्रायव्हरला उठवलं आणि डोमाजीला जीपमध्ये बसवलं. त्याचं गाव दोन कोसांवर. तो हातानं वाट दाखवत होता. घराकडे नाही, तलावाकडे.

शिंगाडे काढायला गेलेली त्याची बायको, सखूबाई, छातीपर्यंत गाळात रुतली होती. आजूबाजूला चिटपाखरू नाही. दोर टाकून तिघांनी ओढून काढली. नवऱ्याला हाका मारून मारून तिचा घसा बसला होता.

मी विचारलं, "त्यांना ऐकू येत नाही, मग त्यांनाच का हाक मारली?"

"मंग दुसऱ्या कोनाले मारू, बाई?"

शिबिरात परतल्यावरही डॉक्टर अडूनच बसले. "आता तर सिद्धच झालं. ऐकू येतं."

"दोन कोसांवरून?" मी म्हणाले. "तुम्हाला आली का ती हाक ऐकू?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी केली. डॉक्टरांनी स्वतः त्याच्या पाठीमागे स्टीलचा ट्रे आपटला. डोमाजीची पापणीही लवली नाही. तरी म्हणाले, 'संशयास्पद' लिहा. मी 'दोन्ही कान पूर्ण बहिरे' लिहिलं, खाली सही केली. नोकरी गेली तर गेली. यंत्र त्याला मिळालं.

त्या दिवशी त्यानं काय ऐकलं, मला माहीत नाही. कानांच्या चार डॉक्टरांना विचारून झालं, उत्तर कुणाकडेच नाही. योगायोग म्हणायचं तर खुशाल म्हणा... पण डोमाजीला खोटारडा म्हणायचं नाही. माझ्यासमोर तरी नाही.