पद्माक्काचा मॅनिफोल्ड

पद्माक्का गेल्याचं मला नंजनगूडला जाणाऱ्या बसमध्ये कळलं. अनोळखी नंबरवरून फोन होता. "तुम्ही उज्ज्वला की?" पलीकडून विचारलं गेलं. "मी पांडुरंग. पद्माक्काचा भाऊ. अक्का सकाळी गेली. तिच्या मोबाइलमध्ये तुमचं नाव सगळ्यात वर होतं, म्हणून..." हा भाऊ गेली नऊ वर्षं बहिणीशी बहीण म्हणून बोलला नव्हता. इस्पितळात दाखल होताना 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात पद्माक्कानं मात्र स्वतःच्या हातानं त्यांचंच नाव लिहिलं होतं. त्या सकाळी तिची तब्येत एकदम ढासळली, तेव्हा इस्पितळानं त्यांना बोलावून घेतलं. बहीण आजारी आहे हे त्यांना त्या फोनवरच समजलं. ते पोचेपर्यंत ती गेलेली होती.

पंधरा वर्षांपूर्वी मी इचलकरंजीहून म्हैसूरला आले. जवळच्या नंजनगूडच्या एका कारखान्यात साच्यांच्या विभागात नोकरी लागली होती. आम्ही गाड्यांच्या इंजिनाचे प्लास्टिकचे भाग बनवायचो. पद्माक्का तिथल्या प्रयोगशाळेची प्रमुख. पहिल्या दिवशी माझं नाव ऐकून ती मराठीत बोलायला लागली आणि मी चकित झाले. "आमी पाच पिढ्या इथलेच गं. आजोबा, बाबा, सगळे शिंपी. घरात मराठी, दारात कन्नड," ती म्हणाली, आणि लगेच, "ऊटा आयता? जेवलीस का?" तिच्या मराठीत मधूनच कन्नड शिरायचं, रागावली की संपूर्ण वाक्यच कन्नड व्हायचं. लग्न केलं नव्हतं. म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या घरात ती आणि आई. धाकटा भाऊ पांडुरंग जवळच, बोगादीला राहायचा. दोघं शिकावीत, सुईदोऱ्यातून बाहेर पडावीत म्हणून वडिलांनी डोळे फोडून कपडे शिवले, हे ती पुष्कळदा सांगायची. बहीण रसायनशास्त्र शिकली. भाऊ आयटीआय करून मशीनवर उभा राहिला आणि पुढे त्यानं स्वतःची शेड काढली.

प्लास्टिक म्हणजे स्वस्त, तकलादू, अशी माझी समजूत तिनं आठवड्याभरात मोडली. बारीक काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे दाणे माझ्या तळहातावर ठेवून ती म्हणाली, "हे दाणे मोठे हावरे. हवेतलं पाणी पीत बसतात. साच्यात घालायच्या आधी नीट सुकवले नाहीत तर वरून भाग झकास दिसतो आणि इंजिनाच्या उष्णतेत सहा महिन्यांत तडकतो. दिसण्यावर जाऊ नकोस." तिच्या सहीशिवाय एक खोका बाहेर पडत नसे. मॅनेजर घाईला आले की ती चष्मा काढून शांतपणे पुसायला घ्यायची आणि पुसून झाल्यावरही सही करायची नाही.

मग ते काम आलं. एका मोठ्या गाडी कंपनीला इनटेक मॅनिफोल्ड नायलॉनचा करून हवा होता. इंजिनाच्या सिलिंडरांना हवा पोचवणारा हा भाग, हाताच्या बोटांसारख्या चार वाकड्या नळ्यांचा. तोवर तो अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव असायचा. प्लास्टिकचा झाला तर निम्म्याहून हलका, आतून गुळगुळीत, आणि ओतल्यावर पुन्हा मशीनवर घासा-कापायची गरज नाही. पद्माक्का या कामानं झपाटली. भाग दोन अर्ध्यांत साच्यातून काढायचा आणि मग ते अर्धे एकमेकांवर घासून, वितळवून जोडायचे, अशी रीत होती. दाबाच्या चाचणीत तो जोडच फुटायचा. दोन वर्षं फुटत राहिला. साचा मी तीनदा बदलला. शेवटी एका ओल्या जुलैत तिच्या लक्षात आलं, की साच्यातून निघालेले अर्धे जोडणीची वाट बघत शिफ्टभर पडून राहतात आणि तेवढ्यात हवेतली ओल पितात. तासाभराच्या आत जोडलेले भाग तिनं चाचणीला लावले. दाबाचा काटा चढत गेला, खुणेच्या पुढे गेला, भाग तसाच. ती मला मिठी मारून अक्षरशः रडली. "आयतु गं, आयतु! झालं!"

त्या संध्याकाळी बसमध्ये मात्र ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "अ‍ॅल्युमिनियमचं मशीनिंग कोण करतं, ठाऊक आहे तुला?" मला ठाऊक होतं. त्याच मॉडेलचे ओतीव मॅनिफोल्ड फाउंड्रीतून पांडुरंगदादांच्या शेडमध्ये यायचे. पृष्ठभाग सपाट करणं, भोकं पाडणं, आटे पाडणं, सगळं तिथं व्हायचं. सहा माणसं कामाला होती. शेडमधलं दुसरं काम किरकोळच होतं. "सांगा ना त्यांना," मी म्हटलं. तिनं मान हलवली. कामाबद्दल बाहेर अवाक्षर काढणार नाही असं आम्ही दोघींनी लिहून दिलेलं होतं, आणि कारखान्यातलं गुपित बाहेर नेणं तिच्या लेखी खोटी सही करण्याइतकंच वाईट होतं. शिवाय अजून गाडीवरच्या चाचण्या व्हायच्या होत्या. "वर्ष जाईल. बघू," ती म्हणाली.

त्या दसऱ्यात आयुधपूजेला पांडुरंगदादांनी आम्हां दोघींना शेडवर बोलावलं. शेड झेंडूनं मढली होती. मधोमध नवंकोरं संगणकी मशीन उभं होतं, दादांनी याच कामासाठी आणलेलं. ते मला हौसेनं दाखवत होते. "आता हिच्यावर एका वेळी दोन मॅनिफोल्ड चढतात बघा. अक्का, पहिला हार तूच घाल. तू शिकली म्हणून मी शिकलो." पद्माक्कानं हार घातला. हळद-कुंकू लावलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी नजर दाराशी फोडलेल्या कोहळ्याकडे वळवली. लिहून मीही दिलेलं होतं, तरी एक वाक्य मी बोलू शकले असते. परत येताना दादांनी प्रसादाच्या पुडीत दोन लाडू जास्त घालून दिले...

पुढच्या वर्षी गाडी कंपनीनं नायलॉनचा मॅनिफोल्ड मंजूर केला. अ‍ॅल्युमिनियमचं काम तीन महिन्यांत थांबलं. दादांना आधी वाटलं, मंदी आहे. मग फाउंड्रीतल्या कुणीतरी सांगितलं, की नवा भाग नंजनगूडला बनतोय, प्लास्टिकचा. त्याच दिवशी ते विजयनगरच्या घरी गेले. पद्माक्कानं मला नंतर सांगितलं, की ते ओरडले नाहीत. आईसमोर बसून एवढंच म्हणाले, "प्लास्टिक येणार, ते तू नाहीतर दुसऱ्या कुणी केलं असतं. मला कळतं ते. पण तू त्या मशीनला हार घातलास, अक्का." आणि उठून गेले. मशीन विकलं गेलं, सहा माणसं पांगली. दादांनी बोगादीत एक छोटं दुकान घेतलं आणि वडिलांचं जुनं शिलाईयंत्र तिथं नेऊन ठेवलं. कपडे ढिले-घट्ट करून द्यायचे, चेन बदलून द्यायची.

आई होती तोवर दोघांमध्ये निरोपांची ये-जा होती. आई गेली तेव्हा दादांनी सगळं केलं, बहिणीच्या शेजारी बसून केलं, पण तिच्याकडे बघितलं नाही. त्यानंतर काहीच नाही. पद्माक्काच्या मॅनिफोल्डला मात्र कारखान्यात मान होता. पाहुणे आले की तो दाखवला जायचा. ती स्वतः कधी दाखवायला पुढे झाली नाही.

तोही टिकला नाही. गाडी कंपनीनं ते मॉडेल बंद केलं. नवी गाडी विजेवर चालणारी. तिला सिलिंडर नाहीत, तेव्हा त्यांना हवा पोचवायचं कामच नाही. एका दुपारी आम्ही दोघी उभ्या राहून बघत होतो. क्रेननं साचा उचलला, कुणीतरी त्याला ग्रीस फासलं आणि मागच्या पटांगणात पत्र्याखाली नेऊन ठेवला. "एवढ्यासाठी," पद्माक्का म्हणाली. वाक्य तिनं पुरं केलं नाही. दोनच महिन्यांत तिनं मुदतीआधी निवृत्ती घेतली.

मी तिच्या मागे लागले, आता तरी दादांकडे जा, आता तुमचंही तेच झालंय. ती एक ब्लाउज घेऊन त्यांच्या दुकानात गेली. दुसरं निमित्त तिला सुचलं नाही. परत आल्यावर मला फोन केला. "त्यानं ब्लाउज घेतला, माप विचारलं, वहीत लिहिलं. आणि मला काय म्हणाला सांगू? 'गुरुवारी या.' मला 'या' म्हणाला गं, उज्ज्वला... गिऱ्हाइकाला म्हणतात तसं." गुरुवारी ती गेली तेव्हा दुकानात शेजारचा फुलवाला बसला होता, त्याच्यासमोर बोलणं झालं नाही. ब्लाउज घडी घालून ठेवलेला होता. अगदी अंगाबरोबर बसला, असं ती म्हणाली.

यंदा तिच्या पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. दादांना कळवते म्हटल्यावर ती उशीवरून मान उचलून म्हणाली, "बेडा. अजिबात नको. मी मरतेय म्हणून तो आला, तर ते काय येणं झालं? तुला माझी शपथ आहे." मी ऐकलं. चार महिने मी जात-येत होते, पेज भरवत होते, आणि बोगादीच्या त्या दुकानावरून कितीदा तरी गेले. थांबले नाही.

तेराव्याला मी विजयनगरला गेले ती आमच्या जुन्या गाडीतून. जेवणं झाल्यावर पांडुरंगदादा माझ्याजवळ आले. केस सगळे पिकले होते. "अक्कानं केलेला तो भाग... मी कधी बघितलाच नाही. तुमच्याकडे आहे का एखादा?" मी त्यांना रस्त्यावर नेलं आणि गाडीचं बॉनेट उघडलं. आमची गाडी त्याच मॉडेलची. काळा, धुळीनं माखलेला मॅनिफोल्ड समोर होता. दादांनी खिशातून रुमाल काढून तो पुसला. दोन अर्धे जिथं जोडलेत तिथल्या रेषेवरून अंगठा फिरवला, सगळीकडून, थेट मागच्या नळीपर्यंत. मग पूर्ण तळवा ठेवला. इंजिन अजून कोमट होतं. "चांगलं केलंय," ते म्हणाले. "कुठं कसर नाही."

मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "तिचं दुखणं तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"चार महिने."

"आणि तेव्हा? आयुधपूजेला?"

"तेव्हाही माहीत होतं, दादा."

त्यांनी दोन्ही हातांनी बॉनेट खाली घेतलं, खटका बसेपर्यंत दाबलं आणि घरात निघून गेले. मी गाडी काढली.

या गोष्टीला आता तीन आठवडे झाले. मी त्यांना फोन केलेला नाही. शपथेचं सांगावं असं खूपदा मनात आलं. पण मग अक्कानं शेवटच्या दिवसांत 'तो नको' म्हटलं होतं, हेही सांगावं लागेल, आणि ते त्यांना कशाला? विजयनगरचं घर बंद आहे. बाल्कनीत तिची छत्री अजून उघडीच वाळत पडलेली दिसते. ती आत घ्यायला कुणाकडे किल्ली मागावी, हेही मला उमगत नाही. वर्तमानपत्राच्या मराठी पुरवणीसाठी काहीतरी लिहा, असं इथल्या ओळखीच्यांनी सुचवलं तेव्हा मी चटकन हो म्हटलं, आणि इतक्या चटकन का म्हटलं ते हे सगळं लिहून झाल्यावर कळलं. पांडुरंगदादा घरात मराठी बोलतात, पण शाळा त्यांची कन्नडमधून झाली. त्यांना मराठी वाचता येत नाही.