'कामून' विचारता येणारा क्लास

मंडळी, एमबीएच्या प्रवेश परीक्षेला कुठला क्लास लावू म्हणून आठवडाभर तुमचं डोकं खाल्लं. आज ठरलं एकदाचं!

सकाळी वडिलांना, म्हणजे अप्पांना घेऊन कमलनगरहून बीदरला गेले. पहिल्या क्लासात एसी, भिंतभर स्क्रीन. सरांनी इंग्रजीतून धडाधड गणितं सोडवली आणि "एनी डाउट?" विचारलं. कुणीच बोललं नाही. मीही नाही.

दुसरा क्लास एका घराच्या माडीवर. सर मैसूरकडचे, कानडी. त्यांनी माझं उत्तर चूक म्हटल्याबरोबर तोंडातून आमच्या गावाकडचं 'का?' निघून गेलं, "कामून?" पोरं खो खो हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांनी माझ्या शेजारी बसलेल्या मुलीला अर्थ विचारला. तिने कानडीत सांगितलं, "याके, सर." म्हणजे 'का'.

सर खूश! त्यांनी तेच गणित मोडक्या हिंदीत पुन्हा समजावलं. तास संपेपर्यंत कानडी पोरंही "कामून, सर?" म्हणायला लागली.

तुमच्या क्लासात असं बिनधास्त विचारता यायचं का हो?

परतीच्या बसमध्ये अप्पा म्हणाले, "मग, कुठला लावायलीस?"

"माडीवरचा."

"कामून?"

मला हसू आवरेना. "ह्याच्यासाठीच की, अप्पा!"