सन पुसलेल्या बाटल्या

आमचा चंद्रभानमामा सिव्हिल स्टेशनातल्या एका गोऱ्या साहेबाकडे आबदार होता. म्हणजे बंगल्यातले पेले, बाटल्या, पाणी, दारू सगळं त्याच्या ताब्यात. स्वतः थेंबाला शिवला नाही, पण स्वच्छतेचं असं वेड की मामी वैतागायची. घासायला काही हाती आलं की हा माणूस भान विसरायचा, काय सांगू!

साहेबाच्या कोठीत पोर्ट नावाच्या गोड, लाल दारूच्या तीन बाटल्या आडव्या ठेवलेल्या होत्या, तीन निरनिराळ्या सालांच्या. वर कागद नाही, काचेवर चुन्याने सन लिहिलेला. त्यातली अठराशे शहाण्णवची म्हणजे त्याच्या मुलाच्या जन्मसालची. पोरगा एकविसाचा झाला की बापलेकांनी मिळून ती फोडायची, अशी त्यांच्यातली रीत. पण पोरगा लढाईवर इराकात, बसऱ्याकडे गेला आणि तिकडेच मेला. तरी त्याच्या वाढदिवसाला ती प्यायचीच, असं साहेबाने ठरवलं. एकट्याला घोट उतरणार नाही म्हणून दोन दोस्त बोलावले. निमित्त काय, तर तिन्ही सालांची दारू चाखून ताडून बघू.

त्याआधी दिवाळी आली. लक्ष्मी यायची त्या दिवशी कोठीत धूळ कशी चालेल? मामाने चिंच आणि राख लावून तिन्ही बाटल्या पाणी भरायच्या पितळेच्या गुंडासारख्या लख्ख घासल्या. चुना गेला, सन गेले. काय म्हणावं या माणसाला! ध्यानात आलं तेव्हा तो धावत मामीकडे आला. मामी म्हणाली, "काहून घाबरून राहिले? कोणतीही दाखवून द्या. त्याले काय समजते?"

वाढदिवसाला उघडताना कुजक्या बुचांचा भुगा झाला, त्यांच्यावरचे सनाचे आकडेही गेले. एकेका बाटलीतला एक, असे तीन पेले भरले. एक दोस्त म्हणे पहिला शहाण्णवचा, दुसरा म्हणे तिसरा. साहेब एकेक घोट घेऊन पुन्हा पहिल्याकडे यायचा. शेवटी त्याने मामालाच विचारलं, माझ्या मुलाचा पेला कोणता?

खोटं जिभेवर आलं होतं, मामाच सांगायचा. पण त्या बापाचं तोंड बघून ते बाहेर पडेना. त्याने हात जोडले आणि झालं ते सगळं सांगून टाकलं.

दोस्त उठून व्हरांड्यात निघून गेले.

"तिकडेही सगळ्यांना एकाच खड्ड्यात पुरलं," साहेब म्हणाला. "त्यात माझा कोणता, कोणालाच सांगता आलं नाही."

मग त्याने तिन्ही पेले जवळ ओढले आणि एकेक करून रिकामे केले, तळाच्या गाळासकट.